वाफा, धडधड आणि अश्वगंधा : रजोनिवृत्तीच्या काळातील एक प्रकरण

पुण्यातल्या कर्वेनगरात राहणाऱ्या आणि एका सहकारी पतसंस्थेत रोखपाल म्हणून काम करणाऱ्या ४९ वर्षांच्या एक बाई एप्रिल महिन्यात माझ्याकडे आल्या, तेव्हा निदान त्यांनी घरूनच ठरवून आणले होते. पाळी थांबून चौदा महिने झाले होते. अंगातून वाफा निघत होत्या, छातीत धडधडत होते, रात्री झोप लागत नव्हती, लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होत होती. या सगळ्याचे कारण रजोनिवृत्ती हेच आहे, याबद्दल त्यांच्या घरात, कचेरीत आणि सोसायटीतल्या मैत्रिणींमध्ये कोणाचेही दुमत नव्हते. माझ्याकडून त्यांना अश्वगंधेपेक्षा जोरदार असे एखादे आयुर्वेदिक औषध हवे होते, कारण जवळजवळ तीन महिने अश्वगंधा घेऊनही वाफा कमी न होता वाढल्याच होत्या.

मी आयुर्वेदाची चिकित्सक आहे आणि वनौषधींचा वापर माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारणही तेच आहे. वनौषधीत गुण आहे असे मानणाऱ्याने तिच्या अंगी अपाय करण्याची ताकद आहे हेही मानले पाहिजे आणि तिची मात्रा, तिचा काळ व तिच्यासोबत चालू असलेली इतर औषधे यांचा हिशेब तितक्याच काटेकोरपणे ठेवला पाहिजे. या बाईंच्या बाबतीत तो हिशेब कोणीही ठेवला नव्हता. त्यांच्या संमतीने हे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पूर्वेतिहास

नऊ वर्षांपूर्वी थायरॉइडची ग्रंथी मंदावल्याचे निदान झाले होते आणि तेव्हापासून थायरॉक्सिन या थायरॉइडच्या संप्रेरकाची (हार्मोनची) ७५ मायक्रोग्रॅमची गोळी रोज सकाळी चालू होती. आदल्या वर्षीचा टीएसएच (मेंदूकडून थायरॉइडला येणारा इशारा; थायरॉक्सिन कमी पडले की तो वाढतो, जास्त झाले की उतरतो) २.१ म्हणजे अगदी योग्य होता. रक्तदाब नव्हता. साखर सीमारेषेवर होती. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ६.१ होती. दोन बाळंतपणे झालेली होती, शस्त्रक्रिया कोणतीही नव्हती. आईचे खुब्याचे हाड सत्तरीच्या आत मोडले होते, ही गोष्ट त्यांनी सहज म्हणून सांगितली, परंतु पुढे उपचार ठरवताना तिला मोठे महत्त्व आले.

पाळी अनियमित होत होत थांबली आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात वाफा सुरू झाल्या. त्या काळातले वर्णन नेमके होते: छातीपासून मानेवर आणि चेहऱ्यावर एकदम ऊष्णतेची लाट चढायची, दोन-तीन मिनिटे टिकायची, घाम फुटायचा आणि मागोमाग थंडी वाजायची. दिवसातून चार-पाच वेळा असे होई. याला रजोनिवृत्तीच्या वाफा म्हणण्यात काहीच चूक नव्हती. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटल्यावर मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातल्या, तापमानाच्या नियंत्रणाशी जोडलेल्या पेशींचा एक समूह अति सक्रिय होतो. शरीर ज्या तापमानाला एरवी निमूटपणे सहन करते, त्या पट्ट्याची रुंदी कमी होते आणि अंगाचे तापमान किंचित वाढले तरी उष्णता बाहेर टाकण्याची सगळी यंत्रणा एकदम चालू होते. त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो, घाम येतो, आणि नंतर अंग प्रमाणाबाहेर थंड पडल्याने कुडकुडायला होते.

गणपतीच्या सुमारास नणंदेच्या सांगण्यावरून सोयाबीन सुरू झाले. दळणाच्या किलोभर गव्हात पाव किलो सोयाबीन, शिवाय सकाळी पेलाभर सोया दूध. डिसेंबरात पतसंस्थेतर्फे सर्व कर्मचाऱ्यांच्या तपासण्या झाल्या, तेव्हा टीएसएच ९.६ निघाला आणि थायरॉक्सिनची मात्रा १०० मायक्रोग्रॅम करण्यात आली. संक्रांतीनंतर पोट फुगते म्हणून सोयाबीन बंद केले. त्याच आठवड्यात अश्वगंधेचे चूर्ण सुरू झाले आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून त्यात अश्वगंधा अर्काच्या कॅप्सूलची भर पडली. मार्चपासून वाफा, धडधड आणि निद्रानाश यांनी जोर धरला. मधल्या काळात त्या एका ठिकाणी दाखवून आल्या होत्या; तेथे ‘या वयात असे होतेच, थोडे सोसा’ एवढेच ऐकून परत आल्या.

हा क्रम वाचताना सुजाण वाचकाच्या लक्षात एक गोष्ट आली असेल, परंतु पहिल्या भेटीत तो असा सलग समोर आला नव्हता. ‘औषधे कोणती चालू आहेत?’ या प्रश्नाला बाईंनी ‘थायरॉइडची गोळी आणि आपली ती अश्वगंधा’ इतकेच उत्तर दिले. मग मी वेगळ्या रीतीने विचारले: दुधातून काय घेता, पिठात काय मिसळता, केसांसाठी, गुडघ्यांसाठी, पोट साफ होण्यासाठी काय घेता, आणि गेल्या वर्षभरात काय सुरू करून सोडून दिले? त्यावर त्या थोड्या संकोचल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, ते सगळं सांगायचं असतं होय? ते तर घरचंच आहे.” दुसऱ्या दिवशी सर्व वस्तू पिशवीत घालून आणण्यास मी सांगितले.

पिशवीतून काय निघाले

पिशवीत एक स्टीलची डबी होती आणि तिच्यात रविवार पेठेतून सुट्या आणलेल्या काष्ठौषधीची पुडी. पुडीवर पेनाने ‘अश्वगंधा’ आणि किंमत लिहिलेली होती. गट क्रमांक (बॅच नंबर), दळल्याची तारीख, मूळ की पाने, यांपैकी काहीही नव्हते. मी त्यांना नेहमी घेतात तसा चमचा भरायला सांगितला. शीग लावून भरलेला तो चमचा माझ्या काट्यावर पाच ग्रॅम भरला, आणि तो सकाळ-संध्याकाळ दुधातून घेतला जात होता. अश्वगंधा मुळाच्या चूर्णाची रूढ मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम आहे. म्हणजे केवळ चूर्णच जवळजवळ दुप्पट जात होते, आणि त्याच्या जोडीला ५०० मिलिग्रॅम अर्काच्या दोन कॅप्सूल. अर्क हा अनेक पटींनी घट्ट केलेला असतो. चूर्णाची मात्रा आणि अर्काची मात्रा यांची तुलना नुसत्या वजनावर करता येत नाही, हे बाईंना कोणी सांगितलेच नव्हते.

याखेरीज केस गळतात म्हणून घेतलेल्या १० मिलिग्रॅम बायोटिनच्या गोळ्या, अर्धी संपलेली अशोकारिष्टाची बाटली, शतावरी कल्पाची न उघडलेली बरणी आणि भाच्याने अमेरिकेहून पाठवलेल्या ब्लॅक कोहोश या परदेशी वनौषधीच्या गोळ्या, एवढा ऐवज होता. ब्लॅक कोहोश सुदैवाने अजून सुरू केलेले नव्हते.

तपासणी

रोजनिशीत लिहायला सांगितले नसतानाही बाईंनी वाफांची संख्या लिहून आणली होती, दिवसाला चौदा-पंधरा. परंतु वर्णन आता बदललेले होते. पावसाळ्यातल्या वाफांना सुरुवात होती आणि शेवट होता. आताची उष्णता दिवसभर टिकून होती, मधूनच वाढत होती एवढेच. मागाहून थंडी वाजणे जवळजवळ थांबले होते. गादीवर पंख्याखाली पडल्या पडल्याही नाडी जोरात लागते, असे त्या म्हणाल्या. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे सरकतो, त्यामुळे उकाड्याला दोष देणेही सोपे होते.

तळहात गरम आणि ओलसर होते. बसलेल्या अवस्थेत नाडीचे ठोके मिनिटाला १०४. वजन तीन महिन्यांत चार किलोंनी उतरले होते आणि भूक मात्र वाढली होती. पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत बहुतेक स्त्रियांचे वजन, विशेषतः पोटावरचे, वाढत असते. खाणे वाढूनही वजन उतरणे हे त्या काळाचे लक्षण नव्हे. शौचाला दिवसातून तीन वेळा जावे लागत होते.

सर्वांत बोलके लक्षण मात्र त्यांच्या कामातून आले. नोटा मोजताना बोटे थरथरतात आणि हल्ली गड्डी दोनदा मोजावी लागते, हे सांगताना बाईंचा स्वर खाली आला, कारण पंचवीस वर्षांत त्यांच्या हिशेबात कधी फरक पडला नव्हता. मी त्यांना दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगून पसरलेल्या बोटांवर साधा कागद ठेवला. कागदाची कड सतत, बारीक थरथरत राहिली. रजोनिवृत्तीने घाम येतो, धडधड होते, झोप उडते, चिडचिड वाढते. परंतु बोटांना असा सततचा बारीक कंप ती आणत नाही. गरम ओलसर तळहात, विश्रांतीतही वेगवान असलेली नाडी, उतरलेले वजन आणि हा कंप एकत्र दिसले की थायरॉइड संप्रेरकाचा अतिरेक आधी शोधायला हवा.

त्याच दिवशी रक्त तपासले. टीएसएच ०.०३ आला, त्याची सर्वसाधारण मर्यादा ०.४ ते ४ अशी धरतात. फ्री टी-४, म्हणजे रक्तात मोकळे असलेले थायरॉक्सिन, २.१ होते, आणि त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा १.७ होती. ईसीजीत ठोके जलद परंतु नियमित होते. यकृताच्या तपासण्या मुद्दाम केल्या, कारण अश्वगंधेच्या अर्कानंतर कावीळ झाल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत आइसलँड, अमेरिका आणि भारतातूनही प्रसिद्ध झालेल्या आहेत. त्या मात्र निर्दोष निघाल्या.

इथे एक खाचखळगा ध्यानात ठेवावा लागतो. अनेक प्रयोगशाळांमध्ये संप्रेरके मोजण्याच्या पद्धतीत बायोटिनचाच वापर केलेला असतो, आणि रुग्णाच्या रक्तात बायोटिन फार असेल तर टीएसएच खोटा कमी व फ्री टी-४ खोटे जास्त दिसू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. केसांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीचा थायरॉइडचा अहवाल हातात पडला तर हा प्रश्न विचारल्यावाचून त्यावर विसंबू नये. आम्ही बायोटिन बंद करून चार दिवसांनी पुन्हा रक्त पाठवले. टीएसएच ०.०४, फ्री टी-४ पुन्हा वाढलेलेच. अतिरेक खरा होता.

असे का झाले

पहिली कडी सोयाबीनची. सोयातील प्रथिने आतड्यात थायरॉक्सिनचे शोषण कमी करतात. बाई साडेसहाला गोळी घेत आणि पाऊण तासात सोया दूध पीत, वर दिवसभर त्याच पिठाच्या पोळ्या. गोळी पोटात जात होती, पण पुरेशी रक्तात पोहोचत नव्हती. म्हणून डिसेंबरात टीएसएच ९.६ झाला. ग्रंथी अधिक मंदावली असे समजून मात्रा वाढवली गेली. तपासणी योग्य होती, अहवाल बरोबर होता आणि त्यावरून मात्रा वाढवणेही रीतीला धरून होते. सोयाबीनबद्दल कोणी विचारले नाही आणि बाईंनी आपण होऊन सांगितले नाही, इतकेच घडले. महिन्याभरात सोयाबीन बंद झाले, शोषण पूर्ववत झाले, आणि वाढीव १०० मायक्रोग्रॅम पूर्णपणे रक्तात उतरू लागले.

त्याच आठवड्यात अश्वगंधा आली. अश्वगंधा थायरॉइड संप्रेरके वाढवते, हे उंदरांवरील प्रयोगांतून पूर्वीच दिसलेले होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, थायरॉइड किंचित मंद असलेल्या ५० व्यक्तींपैकी ज्यांना आठ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क दिला, त्यांच्यात टी-३ व टी-४ ही थायरॉइडची संप्रेरके वाढली आणि टीएसएच उतरला. नेदरलँड्समधून २००५ साली अश्वगंधेनंतर संप्रेरकांचा अतिरेक झालेल्या एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली होती. ज्याची ग्रंथी मंद आहे आणि जो गोळी घेत नाही, त्याला हा परिणाम कदाचित उपयोगी पडेल. जी स्त्री आधीच गोळी घेत आहे तिच्यात तो गोळीवर येऊन पडतो. सोया सुटणे आणि अश्वगंधा सुरू होणे एकाच आठवड्यात घडल्यामुळे या रुग्णात कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. दोन्ही एकाच दिशेने ओढत होते, एवढे नक्की.

आणि आयुर्वेदाच्या अंगाने पाहिले तरी ही निवड पटण्यासारखी नव्हती. अश्वगंधा उष्ण वीर्याची, म्हणजे अंगात उष्णता वाढवणाऱ्या गुणाची, आहे. दाह, घाम, तळहातांची आग, चिडचिड, पातळ शौच आणि उडालेली झोप असे पित्ताचे चित्र समोर असताना उष्ण वीर्याचे द्रव्य दुप्पट मात्रेत, चैत्र-वैशाखात देणे हे शास्त्राला धरून नाही. शतावरी आणि ज्येष्ठमध ही शीत वीर्याची द्रव्ये आहेत. निदान विचाराची सुरुवात तिथून व्हायला हवी होती. ‘अश्वगंधा बायकांना चांगली’ अशी सरसकट शिफारस आज भिशीच्या बैठकीपासून मोबाइलवरील चित्रफितींपर्यंत सर्वत्र ऐकू येते. माझ्याच शास्त्राच्या नावाने त्या शास्त्राचा पहिला नियम, म्हणजे रुग्ण पाहून द्रव्य निवडणे, असा डावलला जावा याचे मला मनापासून वाईट वाटते.

उपचाराचा पहिला टप्पा

अश्वगंधेचे चूर्ण आणि कॅप्सूल दोन्ही त्याच दिवशी बंद केली. थायरॉक्सिनची मात्रा मी बदलली नाही. बाईंना सर्व अहवाल आणि घेतलेल्या वस्तूंची तारखांसह यादी देऊन अंतःस्रावतज्ज्ञांकडे, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांकडे, पाठवले. त्यांनी मात्रा पुन्हा ७५ मायक्रोग्रॅम केली आणि नाडी आवरण्यासाठी दोन आठवडे प्रोप्रॅनोलॉल दिले. थायरॉक्सिन रक्तातून निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे मात्रा बदलल्याचा खरा परिणाम टीएसएचमध्ये सहा ते आठ आठवड्यांनीच दिसतो. तोवर कोणतेही नवे औषध, वनौषधी असो वा अन्य, सुरू करायचे नाही असे ठरले. अश्वगंधेच्या संशयित दुष्परिणामाची नोंद आयुष मंत्रालयाच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे पाठवली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत त्याचे राष्ट्रीय केंद्र आहे, आणि वैद्यांनी अशा नोंदी पाठवण्यात संकोच मुळीच करू नये.

आठ आठवड्यांनी टीएसएच २.४ झाला. नाडी ७८. कागद स्थिर राहिला. वजन दीड किलो भरून आले. वाफा चौदा-पंधरावरून चार-पाचवर आल्या आणि त्यांचे रूप पुन्हा पावसाळ्यातल्यासारखे झाले: लाट, दोन-तीन मिनिटे, घाम, मग थंडी. रजोनिवृत्तीचा खरा वाटा आता मोजता येण्यासारखा उरला.

“मग आता शतावरी चालेल ना?”

हा प्रश्न बाईंनी साहजिकच विचारला, आणि त्याचे उत्तर एका होकारात किंवा नकारात देणे मला योग्य वाटले नाही. आम्ही पिशवीतील प्रत्येक वस्तूवर बोललो.

ब्लॅक कोहोश ही उत्तर अमेरिकेतील वनस्पती आहे. २००२ साली रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके देऊन पाहणाऱ्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीचा एक भाग धोक्यांमुळे मुदतीपूर्वी थांबवण्यात आला आणि जगभरच्या स्त्रियांनी संप्रेरकांकडे पाठ फिरवली, तेव्हा अशा वनौषधींना मोठी बाजारपेठ मिळाली. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात १६ चाचण्या आणि २,०२७ स्त्रिया पाहूनही वाफांवर तिचा उपयोग सिद्ध झाला नाही. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत. ती डबी न उघडता बाजूला ठेवली.

सोयाबीनबद्दलचे चित्र जरा गुंतागुंतीचे आहे. कॉक्रेनच्याच २०१३ च्या आढाव्यात सोया व रेड क्लोव्हर ही परदेशी वनस्पती यांच्या एकंदर चाचण्यांतून ठोस फायदा दिसला नाही. मात्र जेनिस्टीन या घटकाचे प्रमाण दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या वर असलेल्या अर्कांनी वाफांची संख्या कमी होत असावी, असा धागा त्यात शिल्लक राहिला. दळणातले सोयाबीन म्हणजे तो अर्क नव्हे. अन्न म्हणून सोयाबीन खायला या बाईंना हरकत नाही, पण गोळीपासून चार तास दूर आणि रोज साधारण तेवढेच, म्हणजे मात्रा त्याच्याशी जुळवून ठरवता येते. कॅल्शियम आणि लोह यांच्या गोळ्यांनाही हेच अंतर लागू आहे, आणि या वयाच्या निम्म्या स्त्रिया तरी यांतले काही ना काही घेत असतात असा माझा अनुभव आहे.

अशोकारिष्ट जावेने दिले होते, तिला ते अंगावरून जास्त जाण्यासाठी लागू पडले म्हणून. वाफांशी त्याचा संबंध नाही. आसवारिष्टांत आंबवण्यातून तयार झालेले साधारण ५ ते १० टक्के मद्य असते, आणि अशोकाच्या सालीत आसुपालव या दुसऱ्याच झाडाची साल मिसळली जाणे ही जुनी तक्रार आहे. अंगावरून जाण्यासाठी ते घ्यायचे ठरले तरी आधी कारण शोधले पाहिजे. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसले तरी काढा-अरिष्टांत वेळ न घालवता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी करून घेतली पाहिजे. या एका बाबतीत मी कोणतीही सवलत देत नाही.

ज्येष्ठमध पिशवीत नव्हते, परंतु मी आपण होऊन त्याचा विषय काढला, कारण शीत वीर्य म्हणून कोणीतरी ते उद्या सुचवणारच होते. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. घसा बसल्यावर काडी चघळणे वेगळे आणि महिनोन् महिने रोज काढा घेणे वेगळे. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर ते टाळावेच.

शतावरीवर माझा विश्वास आहे. ती शीत, मधुर, स्निग्ध आहे, या काळातल्या कोरडेपणात आणि थकव्यात मी ती देते आणि ती बहुतेकींना मानवते. परंतु वाफा कमी करण्याबाबत तिच्यावरील चाचण्या लहान आणि थोड्या आहेत, हेही मी रुग्णाला तितक्याच स्पष्टपणे सांगते. शिवाय वाफांच्या चाचण्यांत औषध म्हणून नुसती साखरेची गोळी घेतलेल्या गटातही त्रास बराच कमी झालेला दिसतो, त्यामुळे ‘मला लागू पडले’ या एकीच्या अनुभवावरून दुसरीला औषध ठरवता येत नाही. या बाईंच्या बरणीत शतावरी कल्प होता. कल्पात सर्वाधिक भाग साखरेचा असतो. दोन मोठे चमचे दोन वेळा, हे एचबीए१सी ६.१ असलेल्या स्त्रीला परवडणारे नाही. म्हणून कल्पाऐवजी परवानाधारक उत्पादकाचे, गट क्रमांक असलेले शतावरी चूर्ण ३ ग्रॅम, रात्री कोमट दुधातून, तीन महिन्यांसाठी दिले, आणि अपेक्षा झोप व कोरडेपणा यांपुरतीच ठेवावी असे सांगितले. सब्जा, वाळ्याचे पाणी, धने-जिऱ्याचे पाणी यांना मी नाही म्हणत नाही. उन्हाळ्यात ती सुखावतात. त्यांना औषध मात्र म्हणत नाही.

शेवटी मी त्यांना हेही सांगितले की उत्तर अमेरिकेच्या रजोनिवृत्ती संस्थेने २०२३ साली संप्रेरकांखेरीज असलेल्या उपायांचा आढावा घेतला, तेव्हा वाफांसाठी शिफारस केलेल्या यादीत एकही वनौषधी नव्हती. विचार-वर्तन उपचारपद्धती, वजन आटोक्यात आणणे आणि काही विशिष्ट औषधे होती. योगासनांनाही वाफांसाठी म्हणून शिफारस मिळाली नाही. बाई सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला जातात आणि घरी आसने करतात; हाडे, झोप आणि मन यांसाठी ते चालूच ठेवायला सांगितले.

उरलेला निर्णय

तीन महिन्यांनी झोप सुधारली होती, कोरडेपणा थोडा कमी होता आणि वाफा तीन-चारवर रेंगाळल्या होत्या. पतसंस्थेच्या खिडकीत, समोर रांग असताना, चेहरा लाल होऊन घामाने डबडबणे त्यांना फार जाचत होते. अमेरिकेतील दीर्घ पाहणीत वाफांचा त्रास निम्म्या स्त्रियांना सात वर्षांहून अधिक काळ टिकलेला आढळला आहे. म्हणून ‘वर्षभरात जाईल’ असे खोटे आश्वासन मी दिले नाही. याच भेटीत, दार लोटून घेतल्यावर, शरीरसंबंधाच्या वेळी दुखते हेही त्यांनी प्रथमच सांगितले. हा प्रश्न मी आधीच्या भेटींत विचारला होता आणि त्यांनी मान हलवून टाळला होता. तो पुन्हा पुन्हा, घाई न करता विचारावा लागतो.

मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे संप्रेरक उपचाराच्या विचारासाठी पाठवले. त्या साठीच्या आत आहेत, पाळी जाऊन दहा वर्षे झालेली नाहीत, स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गाठी यांचा इतिहास नाही, आणि आईच्या मोडलेल्या खुब्यामुळे हाडांचा विचार करायलाच हवा. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कंबरेच्या मणक्यांची घनता सर्वसाधारण मर्यादेपेक्षा कमी निघाली. थायरॉइड संप्रेरकाच्या अतिरेकाने हाडे झिजतात, त्यामुळे त्या अतिरेकाचे निदान आणखी काही महिने लांबले असते तर आणखी नुकसान झाले असते. मॅमोग्राम निर्दोष आला.

बाईंनी आठवडाभर घरी विचार केला, यजमानांना सोबत घेऊन पुन्हा भेटल्या आणि उपचार घेण्याचे ठरवले. स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्वचेवर लावायचे इस्ट्रोजेनचे जेल आणि गर्भाशय शाबूत असल्याने सोबत रात्री प्रोजेस्टेरॉन असे दिले. जेल निवडण्यामागे थायरॉइडचेही कारण होते. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन यकृतातून जाताना थायरॉक्सिनला बांधून ठेवणारे प्रथिन वाढवते, त्यामुळे गोळीची गरज वाढते आणि टीएसएच पुन्हा हलतो. त्वचेतून घेतलेल्या इस्ट्रोजेनने तसे सहसा होत नाही. तरीही जेल सुरू झाल्यानंतर आठ आठवड्यांनी टीएसएच पाहिला. तो २.२ होता, वाफा आठवड्यातून एखाद-दुसरी राहिल्या होत्या. शतावरी चूर्ण त्यांच्या इच्छेनुसार आणखी तीन महिने चालू ठेवले असून, ते आता स्त्रीरोगतज्ज्ञ आणि अंतःस्रावतज्ज्ञ या दोघांच्याही कागदांवर, मात्रा आणि सुरू केल्याच्या तारखेसह, थायरॉक्सिनच्या ओळीखाली लिहिलेले आहे.